चाळीस सेंटिमीटरचे अंतर

मागील वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पारोळा तालुक्यातील दोघे चुलतभाऊ एक जुना नकाशा घेऊन माझ्याकडे आले होते. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली आहेत, तरीही टिपण, फाळणी किंवा क प्रत अशी जमीन मोजणीची कागदपत्रे वाचून घेण्यासाठी अमळनेरमध्ये "मोजणीवाले नाना कुठे राहतात" असे विचारत माणसे घरी येतात. त्या नकाशावरील एक रेघ मी बांध म्हणून वाचली आणि तसे सांगितलेही. धाकट्या भावाने अदबीने विचारले, "नाना, हा आमचा नाला आहे ना? निळ्या शाईने काढलेला दिसतो." मी नकाशा खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला लावून पाहिले, पण मला ती रेघ काळीच दिसली. ज्या माणसाने नोकरीची सर्व वर्षे हद्दीच्या रेघा वाचण्यात घालवली, त्याने नाल्याला बांध म्हणावे, ही गोष्ट त्या दोघांनी हसण्यावारी नेली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मोतीबिंदूची शंका त्याआधीही यायला हवी होती. लहानपणापासून मला सुमारे पावणेतीनचा उणे नंबर आहे, म्हणजे दूरचे पाहायला चष्मा लागतो आणि वाचताना तो काढावा लागतो. गेल्या दोन वर्षांत उजव्या डोळ्याचा नंबर वाढत वाढत साडेचारावर गेला. एकाच वर्षात दोनदा काच बदलावी लागली, तेव्हा मी चष्मेवाल्याला नंबर चुकीचा काढल्याबद्दल बरेच सुनावले होते. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचा गाभा वयानुसार घट्ट आणि पिवळा होत गेला की त्याची वक्रीभवनाची शक्ती वाढते आणि उणे नंबर वाढतो, हे मला नंतर कळले. पिवळे पडलेले भिंग निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून माझ्या नजरेला निळी शाई काळी दिसत होती. नाल्याचा बांध असा झाला होता.

तरीही दिवाळीपर्यंत मी टाळाटाळ केली. आमच्याकडे अजूनही "मोती पिकू द्या, मग काढा" असे सांगणारे लोक घरोघरी आहेत, आणि उन्हाळ्यात केले तर डोळा चिघळतो, थंडीतच करावे, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. पूर्वी शस्त्रक्रियेची पद्धतच अशी होती की पूर्ण पिकलेला मोतीबिंदू काढणे सोपे जात असे, त्यामुळे त्या सांगण्याला तेव्हा आधार होता. आता तो राहिलेला नाही. उलट फार पिकलेले भिंग कठीण होते, ते फोडायला यंत्राची शक्ती अधिक लावावी लागते, आणि मोजणीही बिघडते. मोजणीचा हा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

टाळाटाळीचे खरे कारण मात्र आई होती. १९७८ च्या हिवाळ्यात तालुक्याच्या शाळेत भरलेल्या नेत्रशिबिरात तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. वर्गातील बाके भिंतीला लावून जमिनीवर सतरंज्या घातल्या होत्या, आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाया-माणसांना मान हलवू नका असे बजावून ओळीने निजवले होते. त्या काळी आमच्याकडच्या शिबिरांत गढूळ भिंग काढून टाकीत, पण त्याच्या जागी काही बसवीत नसत. त्याऐवजी दहाच्या आसपास अधिक नंबरचा जाड चष्मा मिळे. पट्टी सुटल्यावर आई म्हणाली होती, "आते माले तुन्हं तोंड दिखस रे." पण त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू पावपट मोठी आणि अलीकडे आलेली दिसे, म्हणून पुढे कित्येक महिने ती चहा कपाच्या बाहेर ओतत असे आणि उंबरठ्याला ठेचकाळत असे. चष्मा काढला तर काहीच नाही. शस्त्रक्रिया म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तो बशीत सांडलेला चहा येई.

वास्तविक कृत्रिम भिंग त्याच्या कितीतरी आधी निघालेले होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचछताचे म्हणजे पर्स्पेक्स या प्लास्टिकचे कण घुसत, पण डोळा ते सहन करतो, हे पाहून हॅरोल्ड रिड्ली यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग घडवले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात ते पहिल्यांदा बसवले. परदेशी भिंगाची किंमत मात्र शिबिरात आलेल्या माणसाच्या आवाक्यात नव्हती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे भारतातच कमी किमतीत तयार करायला सुरुवात केली, आणि मग हळूहळू जाड चष्मे दिसेनासे झाले. आईच्या वाट्याला ते भिंग आले नाही.

जळगावला मी प्रथम ज्या ठिकाणी गेलो, तेथे डॉक्टरांची भेट पाच मिनिटांत आटोपली आणि मला समुपदेशन कक्षात पाठवले गेले. टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दरपत्रक होते. खालच्या आणि वरच्या ओळीतील रकमेत जवळजवळ सहापट फरक होता. तेथील मुलगी गोड बोलणारी होती. "काका, हे घेतले की चष्म्याची कायमची सुट्टी," असे ती वरच्या ओळीवर बोट ठेवून सांगत राहिली. मी काय काम करतो, गाडी चालवतो का, रात्री प्रवास करतो का, यातले तिने काहीच विचारले नाही. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "नाना, पैशांचा विचार करू नका, सगळ्यात भारी बसवा." त्याच्या मायेबद्दल शंका नाही, परंतु जमिनीवर न जाता कचेरीत बसून हद्द ठरवणाऱ्याबद्दल मला नोकरीतही कधी विश्वास वाटला नव्हता. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि दुपारच्या पॅसेंजरने अमळनेरला परतलो.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी तपासणी झाल्यावर जो पहिला प्रश्न विचारला, तो मला आजही तसाच आठवतो: "दिवसातले जास्तीत जास्त तास तुम्ही किती अंतरावर पाहता?" मला नेमके उत्तर देता आले नाही. अंदाजाने काही सांगणे माझ्या सवयीत बसत नाही, म्हणून घरी आल्यावर सौभाग्यवतीला टेप धरायला लावून मी टेबलावर नकाशा पसरून बसलो. "अहो, आता स्वतःचीच मोजणी चालली का?" असे ती म्हणाली खरी, पण तिने माप नीट घेतले. डोळ्यापासून कागदापर्यंत अंतर कधी ३८, कधी ४२ सेंटिमीटर भरत होते. संगणक सुमारे ७५ सेंटिमीटरवर होता. टीव्हीकडे मी फारसा पाहत नाही, आणि मोटरसायकल निवृत्तीनंतर भाच्याला देऊन टाकली.

हे आकडे समोर आल्यावर मॅडमनी कागदावर आकृती काढून जे समजावले, ते असे. साधे, म्हणजे एककेंद्री भिंग डोळ्यात बसवल्यावर एकाच अंतरावर स्पष्ट दिसते, कारण माणसाचे मूळ भिंग जसे तरुणपणी जवळ-दूरसाठी आकार बदलते, तसे हे बदलत नाही. ते अंतर कोणते ठेवायचे, हे शस्त्रक्रियेआधी ठरवता येते, आणि बहुतेक ठिकाणी कोणी काही बोलले नाही तर ते दूरचे ठेवले जाते. आयुष्यभर दूरचे स्पष्ट आणि जवळचे चाळिशीनंतर अस्पष्ट असलेल्या माणसाला ते सोयीचे पडते. पण माझ्यासारखा उणे नंबरवाला माणूस चष्मा कपाळावर सरकवून सुईत दोरा ओवत आलेला असतो. त्याला दूरचे भिंग बसवले की पहिल्याच दिवशी लांबचा डोंगर लख्ख दिसतो आणि हातातले पत्र मात्र दिसत नाही. अशी माणसे शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नाराज होतात, असे त्या म्हणाल्या. माझे गणित सोपे होते. डोळ्याचा नंबर उणे अडीच राहील असे भिंग बसवले, तर शंभराला अडीचने भागून येणाऱ्या चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे नेमके माझ्या नकाशावर, विनाचष्मा स्पष्ट दिसणार. दूरसाठी चष्मा लागेल. तो तर माझ्या नाकावर पन्नास वर्षे आहेच.

मग त्या दरपत्रकातील वरच्या ओळीचे, बहुकेंद्री भिंगाचे काय, असे मी आवर्जून विचारले. त्या भिंगावर अतिशय बारीक वर्तुळाकार पायऱ्या असतात आणि त्या आत येणारा प्रकाश जवळ, मध्यम आणि दूर अशा केंद्रांत वाटून टाकतात. म्हणजे कोणत्याही एका अंतराच्या वाट्याला पूर्ण प्रकाश येत नाही. भर उजेडात छापील अक्षरे वाचताना हे जाणवत नाही, पण फिक्या वस्तूचा उठाव कमी होतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती कडी दिसतात. ज्याला चष्मा अजिबात नको आहे, ज्याच्या डोळ्याचा पडदा निरोगी आहे आणि ज्याला ही कडी खपतील, त्याच्यासाठी ते भिंग चांगले आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पण माझे काम साठ-सत्तर वर्षे जुन्या, उडालेल्या शाईच्या, घडीवर विरलेल्या कागदांचे. फिक्याचा उठाव जेथे कमी होतो, ते भिंग मी कितीही महाग असले तरी का घ्यावे? मधल्या अंतरापर्यंत स्पष्टता ताणणारे आणखी एक प्रकारचे भिंगही असते; त्यात कडी कमी दिसतात, पण बारीक वाचनाला बहुधा चष्मा लागतोच. तोही पर्याय मी सोडून दिला. माझ्या विमा पॉलिसीत मोतीबिंदूसाठी ठरलेली रक्कम एवढी होती की एककेंद्री, घडी होणारे ॲक्रिलिकचे भिंग तीत जवळजवळ बसत होते, हे खरे. परंतु निर्णय त्यावरून केलेला नाही.

भिंगाचा नंबर काढण्याची मोजणी हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग. मोतीबिंदू काढण्यात आता नवल राहिलेले नाही, पण आत बसणारे भिंग नेमके किती नंबरचे असावे हे डोळा न उघडता ठरवायचे असते. त्यासाठी दोन मापे मुख्य: बुबुळासमोरच्या पारदर्शक पटलाची वक्रता आणि डोळ्याची पुढून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी. सामान्य डोळा सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो; माझा साडेचोवीसच्या थोडा पुढे निघाला. या लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनची चूक होते. शेतात तेहतीस फुटी साखळी ओढताना वितभर चूक पचून जात असे, येथे केसाएवढी पचत नाही. पूर्वी ही लांबी डोळ्याला काडी टेकवून ध्वनिलहरींनी मोजत, आणि ती काडी किंचित दाबली गेली तरी डोळा आखूड भरे. आताचे यंत्र स्पर्श न करता प्रकाशाने मोजते, पण तो प्रकाश भिंगातून आरपार जावा लागतो. मोतीबिंदू पूर्ण पिकला की प्रकाश अडतो आणि पुन्हा ध्वनिलहरींकडे जावे लागते. मोती पिकू देणाऱ्यांनी दुर्बिणीपुढे धुके येऊ देऊन मग मोजणीला बसावे, तसा हा प्रकार आहे.

पहिल्या दिवशी माझ्या पटलाच्या वक्रतेची मापे दोन वेळा वेगवेगळी आली. डोळे कोरडे असल्यामुळे तसे होते, म्हणून आठ दिवस अश्रूंसारखे थेंब घालायला सांगून मला परत बोलावले गेले. अमळनेर ते जळगाव अशी एक फेरी वाढली म्हणून मी कुरकुरलो नाही; मापे जुळेपर्यंत परत मोजणे मला नवीन नव्हते. दुसऱ्या खेपेला सगळी मापे एकमेकांशी मिळाली. माझ्या उजव्या डोळ्यासाठी साडेवीस नंबरचे भिंग निघाले. दूरचे अंतर ठेवले असते तर ते साधारण सतराचे असते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर भिंगाचा प्रकार लिहिलेला होता, परंतु नजर कोणत्या अंतरासाठी ठेवायची त्याची जागा कोरी होती. मी ती दाखवली, तेव्हा परिचारिकेने "मॅडमना माहीत आहे" असे सांगितले. मी नम्रपणे, पण हटून, "जवळसाठी, उणे अडीच" असे लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. नकाशावर उत्तर दिशा दाखवल्याशिवाय सही करू नये, एवढे नोकरीने शिकवले आहे.

आणखी एक चौकशी माझ्या वयाच्या पुरुषांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लघवीच्या तक्रारीसाठी मी तीन वर्षे टॅमसुलोसिनची गोळी घेत होतो. डोळ्याचा या गोळीशी संबंध असेल असे कोणाच्याही मनात येणार नाही, पण या औषधाने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला होतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी लहरत राहतो. गोळी आधी बंद केली तरी हा परिणाम पुरता जात नाही. डॉक्टरांना आधीच माहीत असेल तर ते तयारीत राहतात, इतकेच. मी औषधांची चिठ्ठी सोबत नेली होती म्हणून ते कळले.

जानेवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण ती वीस मिनिटांत आटोपली. बाहुली मोठी करणारे थेंब तासभर घातले, मग बधिर करणारे थेंब आणि जेल. इंजेक्शन नाही, टाका नाही. वर तीन दिवे दिसत होते, ते विरघळून गुलाबी-निळ्या पाण्यासारखे झाले आणि यंत्राचा चढउतार होणारा सूर ऐकू येत राहिला. जवळजवळ अडीच मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ओढून घेतात आणि त्याच छेदातून घडी केलेले नवे भिंग आत सोडतात. ते आत उलगडते. ही रीत १९६७ मध्ये चार्ल्स केल्मन यांनी आणली, आणि तिची कल्पना त्यांना दंतवैद्याकडे दात साफ करणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. मध्येच मॅडम "पडदा थोडा हलतोय, रिंग द्या" असे म्हणाल्या, तेव्हा मला ती गोळी आठवली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर मी सर्वांत आधी तोच नकाशा काढला, कारण त्याची एक रंगीत छायाप्रत मी करून ठेवली होती. नाला निळा होता. डाव्या डोळ्याने पाहिला की काळा, उजव्याने पाहिला की निळा. मी तो खेळ इतका वेळ करीत बसलो की शेवटी सौभाग्यवतीने नकाशाच उचलून ठेवला. पुढचा दीड महिना थेंबांच्या वेळापत्रकात गेला. प्रतिजैविकाचे थेंब थोडेच दिवस, पण सूज उतरवणारे थेंब दिवसाला सहा वेळांपासून आठवड्याला एकेक कमी करीत न्यायचे असतात, आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नसतात. डोक्यावरून पाणी नाही, डोळा चोळणे नाही, रात्री डोळ्यावर जाळीची वाटी. कापसाच्या गाड्यांची धूळ रस्त्यावर होती, म्हणून घराबाहेर काळा चष्मा. उजव्या कडेला कानशिलाच्या बाजूने एक काळसर चंद्रकोर पहिले काही आठवडे दिसत होती, त्याने मी घाबरलो होतो. कृत्रिम भिंगाच्या कडेमुळे काहींना ती दिसते आणि मेंदू पुढे तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, असे मॅडम म्हणाल्या. आता ती मुद्दाम शोधली तरच सापडते.

डाव्या डोळ्याचा प्रश्न वेगळा निघाला. त्याच्या पटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नव्हती. उभ्या आणि आडव्या दिशेत दीड नंबरापेक्षा जास्त तफावत होती. अशा डोळ्यात साधे भिंग बसवले तर तिरपा नंबर तसाच राहतो, म्हणून त्यात तो तिरपा नंबर भरून काढणारे टॉरिक भिंग बसवावे लागते. यासाठी जादा पैसे देताना मला काही वाटले नाही, कारण हा खर्च मोजमापातून निघालेला होता. टॉरिक भिंग ठरलेल्या कोनातच बसावे लागते. ते एक अंश फिरले की सुमारे तीन टक्के उपयोग वाया जातो आणि तीस अंश फिरले की ते बसवून न बसवल्यासारखे होते. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून अक्षाची खूण शाईने बसलेल्या स्थितीतच करतात. मला खुर्चीत ताठ बसवून समोर पाहायला सांगितले आणि माझ्या डोळ्यावर निशाण केले गेले, तेव्हा प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा नकाशा काढण्याचा फळा, लावताना दिशा साधण्याचा आमचा सारा खटाटोप मला आठवला. तेथेही टेबल आधी दिशेला लागले नाही, तर पुढची प्रत्येक रेघ तिरपी जाते.

हा डोळा कोणत्या अंतरासाठी ठेवावा, यावर आम्ही दोन वेळा बोललो. दोन्ही डोळे चाळीस सेंटिमीटरवर ठेवले असते तर समोर बसलेल्या माणसाचा चेहरा विनाचष्मा धूसर राहिला असता. म्हणून डावा उणे सव्वावर, म्हणजे ऐंशी सेंटिमीटरवर ठेवण्याचे सुचवले गेले. दोन डोळ्यांतला फरक फार वाढवला तर काहींना पायऱ्यांचा अंदाज येत नाही. त्यासाठी मला तपासणीच्या चौकटीत तशा काचा घालून अर्धा तास जिन्यावर वरखाली करायला लावले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याने ही चाचणी अर्धवटच होती, हे मॅडमनी कबूल केले. पण ठेच लागली नाही, म्हणून मी होकार दिला.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी पक्का नंबर काढला. उजवा उणे सव्वादोन, डावा उणे एक, तिरपा नंबर नगण्य. ठरवल्यापेक्षा दोन्हीकडे पाव नंबरचा फरक पडला. भिंगे अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात आणि डोळा बरा होताना भिंग किंचित पुढेमागे बसते, त्यामुळे एवढे चालते. सध्या मी वाचन, नकाशे आणि संगणक विनाचष्मा करतो. रस्त्यावर, लग्नकार्यात आणि रेल्वेच्या फलाटावर पातळ काचेचा चष्मा लावतो.

याच उन्हाळ्यात रावेरजवळच्या माझ्या मेहुण्यांनीही डोळे दाखवले. त्यांची केळीची बाग आहे. पहाटे मोटरसायकलवर शेतात जाणे, झाडावरचे घड खालून न्याहाळणे आणि ट्रक भरताना हिशेब ठेवणे, हा त्यांचा दिवस. माझे ऐकून ते जवळचे भिंग घ्यायला निघाले होते. मी त्यांना टेप हातात दिला. त्यांनी दूरचे एककेंद्री भिंग घेतले आणि पावती वाचण्यासाठी सदऱ्याच्या खिशात तयार मिळणारा वाचनाचा चष्मा ठेवला. तो चष्मा ते महिन्यातून दोनदा हरवतात, आणि दर वेळी मला फोन करतात.

मॅडमनी शेवटच्या भेटीत दोन कार्डे दिली. प्रत्येकावर भिंगाचा नंबर, प्रकार आणि अनुक्रमांक असलेली चिकटपट्टी आहे. पुढे काही वर्षांनी भिंगामागचे पातळ आवरण धुरकट झाले, तर लेसरने काही मिनिटांत ते मोकळे करता येते, त्या वेळी किंवा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ही कार्डे सोबत ठेवा, असे त्यांनी सांगितले आहे. मी ती आमच्या घराच्या क प्रतीबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवली आहेत. पारोळ्याच्या त्या चुलतभावांना निरोप पाठवून बोलावून घेतले आणि नाल्याची दुरुस्ती माझ्या हाताने लिहून दिली.